दहाच्या खाली

आमची पिकअप शंभर किलोमीटरला तेरा लिटर आणि वर चारशे मिली डिझेल पीत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी हा आकडा काढला आणि बाबांना सांगितला, तेव्हा ते अंगणात मासळीच्या रिकाम्या पेट्या धूत होते. त्यांनी नळही बंद केला नाही.

"मग? तीस वर्षांची म्हातारी आहे ती. तिला तहान लागणारच."

"कमी करता येईल, बाबा."

"किती?"

"अकरापर्यंत तर नक्की."

बाबांनी पेटी उपडी करून भिंतीला टेकवली, हात विजारीला पुसले आणि गाडीकडे पाहिलं.

"दहा," ते म्हणाले. "पंधरा ऑगस्टला देवमातेचा सण, तोपर्यंत दहाच्या खाली आण, मग वरचा रस्ता चालू ठेवतो. नाही जमलं, तर सणानंतर बंद. माझंही वय झालंय. अर्धा धंदा डिझेलमध्ये जातो आणि अर्धा बर्फात."

दहाच का, हे मी विचारलं नाही. माणसांना गोल आकडे आवडतात, एवढंच मनात आलं.

वरचा रस्ता म्हणजे बंदरापासून डोंगरातल्या आनो कारियापर्यंतची पाच गावं. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर, चढ साडेअकराशे मीटर. सव्वीस वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी बाबा पहाटे बंदरावर मासळी घेत, तिच्यावर बर्फ टाकत आणि टपावरच्या कर्ण्यातून ओरडत वर जात: "तारली आलीऽऽ, बांगडा आलाऽऽ, बायांनो, घमेली आणाऽऽ!" शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसून तराजू धरायचे. आनो कारियात आता हिवाळ्यात अकरा माणसं उरतात. तिथल्या वासिलोआजीच्या ओट्यावर आमची गाडी शेवटची थांबायची आणि ती मला साखरेत मुरवलेला आख्खा अक्रोड खायला द्यायची. पात्रा शहराच्या विद्यापीठात पाच वर्षं भौतिकशास्त्र शिकताना मला घराची आठवण आली, की तो ओटा डोळ्यांपुढे यायचा. पदवी हातात आली, पुढच्या शिक्षणाच्या अर्जांची उत्तरं सप्टेंबरपर्यंत येणार नव्हती. उन्हाळा मोकळा होता. मी तो गाडीला दिला.

मोजण्याची पद्धत साधी आहे, पण ती दर वेळी तशीच्या तशी पाळावी लागते. फाट्यावरचा पेट्रोल पंप, तिथली डावीकडची नळी, पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याला टेकलेलं, कारण जागा थोडी उताराची आहे. नळी आपोआप बंद झाली तरी थांबायचं नाही. फेस बसायला दोन मिनिटं द्यायची आणि टाकीच्या गळ्यात डिझेल दिसेपर्यंत भरायचं. पुढच्या खेपेनंतर पुन्हा तसंच. जेवढं मावलं, तेवढं गाडी प्याली.

"मिर्सिनी, डिझेल भरतेस की तान्ह्या बाळाला औषध पाजतेस?" पंपवाला विचारायचा.

किलोमीटरही तपासले. मागे कधीतरी बाबांनी मोठ्या मापाचे टायर बसवून घेतले होते, त्यामुळे गाडीचा काटा खऱ्यापेक्षा तीन टक्के कमी दाखवत होता. तो फरक मी प्रत्येक आकड्यात धरला.

मग एकेक काम काढलं, एका आठवड्यात एकच, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. हौद्यात हिवाळ्यातल्या बर्फासाठी टाकलेली वाळूची चार पोती जूनमध्येही तशीच होती. ती उतरवली. टायरमध्ये हवा बरीच कमी होती. "मासळीला धक्के बसत नाहीत," असं बाबांचं म्हणणं. हवा भरली. हवेचा फिल्टर झटकला, तर त्यातून ऑलिव्हची वाळलेली पानं पडली. खाली उतरून आल्यावर चारही चाकांना हात लावून पाहिला. मागचं डावं चाक चटका देत होतं. त्याचा ब्रेक सुटतच नव्हता, म्हणजे कितीतरी वर्षं गाडी ब्रेक लावूनच डोंगर चढत होती.

सगळ्यात मोठी चूक मात्र इंजिनात होती. आमच्याकडच्या जुन्या गाड्या ऑगस्टच्या चढावर तापतात, आणि इथले मेकॅनिक त्यावर एकच इलाज करतात: इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. गाडी तापायची थांबते, मालक खूश होतो. पण मग इंजिन बारा महिने कोमटच राहतं आणि कोमट इंजिन जास्त पितं. खरा दोष चोंदलेल्या रेडिएटरचा होता. तो मी दोन दिवस पाण्याच्या उलट्या धारेने साफ केला आणि नवा थर्मोस्टॅट बसवला.

राहता राहिला बाबांचा पाय. आनो कारियाच्या वळणापासून पुलापर्यंत ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत. "फुकटचे किलोमीटर," असं म्हणत. गियरमध्ये ठेवून पाय उचलला, तर इंजिनात थेंबभरही डिझेल जात नाही आणि न्यूट्रलमध्ये मात्र जात राहतं, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवलं.

"माझ्या बापानेही न्यूट्रलच टाकलं असतं," ते म्हणाले.

"आजोबांकडे खेचर होतं."

"तेच म्हणतोय. खेचराला उतारावर कोण गियर घालतो?"

पण त्यांनी ऐकलं. दहा जुलैपर्यंत आकडा तेरा पॉइंट चारवरून दहा पॉइंट नऊवर आला आणि तिथे अडला. आता कमी करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत आर्गिरिस येऊ लागला. शाळेत तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, आता त्याच्याकडे मधमाश्यांच्या दीडशे पेट्या आहेत. उन्हाळ्यात त्या तो थाइमच्या झुडपांच्या उतारांवर ठेवतो आणि नंतर वर देवदारांच्या जंगलात नेतो.

"काय शास्त्रज्ञीणबाई, आज कितीवर?" तो फाटकातूनच विचारायचा.

"दहा पॉइंट नऊ."

"अजून दहाच्या वरच का?"

"तुला काय घाई?"

"मला कसली घाई? बार्बा प्रोकोपीला सांगतो, पोरीला पुरस्कार द्या." माझ्या बाबांना तो बार्बा, म्हणजे काका, म्हणायचा.

मला वाटलं, त्याला मोजण्यात रस आहे. मी त्याला वही दाखवली, तक्ते समजावून सांगितले. कोणी आपल्या कामाविषयी खरे प्रश्न विचारतं, तेव्हा बरं वाटतं. मलाही वाटलं.

मंगळवारी मी स्वतः गाडी चालवायचे. शनिवारी मी बंदरावर दोन मुलींना गणित शिकवायचे, म्हणून बाबा एकटे जायचे. परत आल्यावर घरी पेट्या उतरवून ते पंपावर जायचे, माझ्या पद्धतीने टाकी भरायचे आणि चिठ्ठी आणून माझ्या वहीत ठेवायचे. सोळा जुलैच्या शनिवारी त्या चिठ्ठीवरून आकडा आला नऊ पॉइंट एक.

मी हिशेब तीनदा तपासला. मंगळवारी मी चालवली, तर दहा पॉइंट नऊ. पुढच्या शनिवारी बाबा गेले, नऊ पॉइंट शून्य. पुन्हा मंगळवारी मी, अकरा. तिसऱ्या शनिवारी बाबा, नऊ पॉइंट दोन.

"सव्वीस वर्षं, पोरी," बाबा पाठीवर थाप मारून म्हणाले. "वळणं मला ओळखतात."

मी विश्वास ठेवला. एवढंच नाही, मला थोडी लाजही वाटली, की पाच वर्षं शिकून आपण बापाला आकृत्या काढून दाखवत होतो आणि त्यांच्या तळपायाला आपल्याहून जास्त कळतं. एका मंगळवारी मी त्यांना चालवायला लावलं आणि शेजारी बसून ते गियर कुठे बदलतात, ते लिहून घेतलं. त्या दिवशी आकडा आला दहा पॉइंट नऊ. "तू बघत बसलीस की माझा पाय अवघडतो," ते म्हणाले. यावरही मी हसले.

दोन्ही दिवसांची सरासरी दहावर येऊन टेकली होती. शिवाय धंदाही वाढत होता. खरं तर एक ऑगस्टपासून सणापर्यंत देवमातेचा उपवास असतो. त्यात एक सहा तारीख सोडली, तर भाविक घरांत मासे शिजत नाहीत, आणि वर राहणारी माणसं भाविक आहेत. दर वर्षी हे दोन आठवडे बाबा अर्ध्याच पेट्या भरतात. या वर्षी मात्र वासिलोआजीने उपवासाच्या मधोमध, मंगळवारी, चार किलो बांगडा घेतला.

"आजी, एवढा?"

"नातवंडं येतील, माझ्या पाखरा. तू वजन कर." मग तिने माझ्या गालाला हात लावला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. "हिवाळ्यात कुठे असशील तू?"

"इथेच, कदाचित. रस्ता चालू राहिला तर दर मंगळवारी तुमच्या ओट्यावर."

ती अक्रोड आणायला आत गेली. खालच्या गावांतही असंच चाललं होतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: "मागणी वाढते आहे. रस्ता जगेल." त्यापुढे तारीखही घातली.

तेरा ऑगस्टच्या शनिवारी तिसऱ्या गावाच्या वर दरड कोसळली. बाबा अर्ध्यावरून परत आले. संध्याकाळी चिठ्ठी पाहिली: चाळीस किलोमीटर, दोन लिटर नऊशे मिली. म्हणजे शंभराला सात पॉइंट दोन. इतक्या कमी डिझेलमध्ये ती गाडी चढावर चालूच शकत नाही. एवढं वजन तेवढ्या उंचीवर चढवायला कमीत कमी किती लागतं, ते मी जूनमध्येच काढून ठेवलं होतं.

मग जे पहिल्याच शनिवारी करायला हवं होतं, ते मी केलं. शंभर किलोमीटरचा हिशेब सोडून नुसते लिटर पाहिले. चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या खेपेला माझ्या मापाने नऊ लिटर आणि वर थोडं लागायला हवं. बाबांच्या शनिवारी दीड लिटर कमी लागलं होतं. चाळीस किलोमीटरच्या खेपेला साडेचार नाही, पण चार पॉइंट चार लागायला हवं. तिथेही दीड लिटरच कमी. गाडी चांगली चालवल्याने डिझेल वाचत असेल, तर दुप्पट रस्त्याला दुप्पट वाचेल. इथे रस्ता अर्धा झाला तरी बचत तेवढीच राहिली होती, पाचही शनिवारी, पाण्याच्या एका मोठ्या बाटलीएवढी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडला आणि काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढलं. पंपावरचं डिझेल फिकट पिवळं असतं. बरणीतलं गुलाबी होतं. उन्हात धरलं तेव्हा शंका राहिली नाही. आमच्याकडे घर तापवायच्या तेलाला सरकार लाल रंग घालतं, ते स्वस्त असतं आणि गाडीत घालायला बंदी असते. प्रत्येक घराच्या तळघरात त्याची टाकी असते. आमच्याही आहे. टाकीशेजारी, झाडूच्या मागे, दीड लिटरची पाण्याची बाटली सापडली. तिच्या तळाशी लाल थेंब होते.

मी बरणी आणि बाटली दोन्ही अंगणातल्या टेबलावर ठेवल्या. बाबा कॉफीचा कप घेऊन बाहेर आले, त्यांनी पाहिलं आणि बसले.

"पंपावर जायच्या आधी ओतत होतात," मी म्हणाले. "घरी पेट्या उतरवताना."

"एक बाटली तेल. मी काय माणूस मारला?"

"का पण? तुम्हाला रस्ता चालू ठेवायचा असता तर तुम्ही नुसतं चालू ठेवतो म्हणाला असता. स्वतःच घातलेली अट स्वतःच खोटी का पाडायची?"

मी उत्तराची वाट बघत होते आणि त्याच वेळी ते मला कळलंही. अट त्यांची नव्हतीच.

"दहा कोणाचे?" मी विचारलं.

"आर्गिरिसचे," बाबा म्हणाले. "मे महिन्यात बोलणं झालं. तो म्हणाला, गाडी दहाच्या खाली पीत असेल तर विकत घेतो, नाहीतर मधमाश्यांच्या पेट्या वाहायला परवडणार नाही. आणि म्हणाला, मिर्सिनीने लिहिलं असेल तर मी डोळे मिटून मानेन. सणानंतर घेऊन जाणार आहे."

"मे महिन्यात. मी जूनमध्ये आले."

"हो."

"मी दोन महिने गाडीखाली पडून रस्ता वाचवत होते. आणि तुम्ही गाडी विकायला तयार करून घेत होता."

"कोणता रस्ता, पोरी? गेल्या हिवाळ्यात वर चार घरं बंद झाली. माझी पाठ बघितलीस? बंदरावर वजनकाट्यावर माणूस हवाय. बसून करायचं काम आहे."

"मग जूनमध्ये सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर तू राहिली असतीस?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "दुसऱ्या दिवशी पात्राची बस पकडली असतीस. सकाळी उठलो की गाडीखालून तुझे पाय दिसायचे. घरात कोणीतरी होतं."

हे खरं असेलही. पण एकाच बाटलीतून त्यांनी दोन गोष्टी साधल्या होत्या, आणि त्यात त्यांना कोणती जास्त हवी होती, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

"त्या वहीवर माझं नाव आहे, बाबा."

"म्हणूनच तर तिची किंमत आहे," ते म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण कप तसाच ठेवून ते आत गेले.

सणाच्या दिवशी चर्चनंतर चौकात लांब टेबलं मांडली होती. आर्गिरिस भाजलेल्या कोकराच्या मटणासाठी रांगेत उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"दहा पॉइंट नऊ," मी म्हणाले. "तेरा पॉइंट चारवरून तिथे आली, ते खरं आहे. त्याखालचं सगळं बाटलीतून आलंय. शनिवारचे आकडे मी वहीत खोडलेत."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग डोकं खाजवलं.

"अगं, मी अकरालाही घेतली असती. बारालाही. बार्बा भाव उतरवायला तयार नव्हते, म्हणून दहा म्हटलं. बोलायचं म्हणून बोललो."

"तुला मे महिन्यापासून माहीत होतं. रोज फाटकाशी येऊन मला आकडा विचारायचास."

"बार्बाने तोंड उघडू नको म्हटलं होतं. म्हणाले, ते स्वतः सांगतील." त्याने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "रागावलीस? गाडी तर छान केलीस ना. बुधवारी न्यायला येतो. तो थर्मोस्टॅट का काय, मला नीट समजावून दे हं."

मंगळवारी शेवटची खेप होती. दरड बाजूला झाली होती. बाबा म्हणाले, मी जातो एकटा. मी चालवायच्या जागेवर बसले. चार गावांत कर्णा वाजला, बायका आल्या, मासळी गेली. बाबा तराजू धरत होते आणि मी बर्फ सारत होते. माझ्या डोक्यात एकच होतं: वासिलोआजीला मीच सांगायचं. पुढच्या मंगळवारी घमेलं घेऊन ती ओट्यावर उभी राहील आणि खालच्या वळणाकडे बघत बसेल, हे मी होऊ देणार नव्हते. निदान एका माणसाला तरी वेळेवर खरं कळायला हवं होतं. वाक्य कसं सुरू करायचं, ते मी वळणावळणाला मनात जुळवत होते.

ती ओट्यावरच होती. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत.

"आजी," मी म्हणाले, "पुढच्या मंगळवारी आम्ही येणार नाही. त्यानंतरही नाही. गाडी विकली."

"हो, माझ्या पाखरा," ती म्हणाली. "बस. अक्रोड आणते."

"तुम्हाला कळलं का मी काय म्हणाले?"

ती माझा हात धरून मला आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात, जिथे पूर्वी पिठाची पेटी असायची, तिथे पांढरा, माझ्या कमरेएवढा नवा फ्रीझर होता. तिने झाकण उचललं. आत पिशव्या रचलेल्या होत्या, सपाट, एकीवर एक. प्रत्येकीवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: बांगडा, दोन ऑगस्ट. तारली, सहा ऑगस्ट. बांगडा, नऊ ऑगस्ट.

"जूनमध्येच मुलाने आणून दिला," ती म्हणाली. "प्रोकोपीने सगळ्यांना सांगितलं होतं ना, उन्हाळ्यात भरून ठेवा म्हणून. खालच्या गावातल्या कात्सानोबाईंनीही घेतलाय, थोडा लहान आहे."

थंड वाफ वर येत होती. मी पिशव्यांवरच्या तारखा वाचत होते. माझ्या वहीतल्याच तारखा होत्या त्या.

"मला कोणीच सांगितलं नाही, आजी."

"प्रोकोपीच म्हणाला, तिला सांगू नका. पोरगी खुशीत आहे, राहू दे म्हणाला." तिने झाकण खाली केलं आणि त्यावर हात फिरवला. "आम्हाला वाटलं, तुलाही कधीतरी कळलंच असेल. तू एवढी शिकलेली."

बाहेर बाबांनी एकदा हॉर्न वाजवला.